जपान, सात रात्री, मोजके पैसे: कोणतं काम कधी करायचं

ओळखीपाळखीतले लोक जपानचा बेत आखतात आणि तपासायला पाठवतात, तेव्हा बहुतेक बेतांमध्ये त्याच तीन गोष्टी दिसतात. स्वस्त दिसलं म्हणून तिकीट आधी काढलेलं असतं, आठ दिवसांत पाच शहरं कोंबलेली असतात आणि ‘जपानला जायचं तर जेआर पास हवाच’ म्हणून जपान रेल्वेचा तो पासही घेतलेला असतो. जपान खिशाला जड होतं ते बहुतेक वेळा कामांचा क्रम उलटा झाल्यामुळे. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. हिशेब मुंबई-पुण्याकडच्या दोन माणसांचा, सात रात्रींचा आहे. 100 येनला 60 रुपये धरले आहेत. प्रत्यक्ष दर थोडा इकडेतिकडे असेल, पण बेत आखताना हिशेब जरा सैल असलेला बरा.

## टप्पा 1: आधी तारखा (चार-पाच महिने आधी)

खर्चावर सगळ्यात जास्त परिणाम तारखांचा होतो. मार्चचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा हे साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे दिवस, आणि क्योतोत नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा हा लाल पानांचा. या काळात तीच खोली दुप्पट दराने जाते. दिवाळी उशिरा असेल तर आपली सुट्टी नेमकी या गर्दीला जाऊन भिडते.

आणखी तीन काळ टाळायचे. 29 एप्रिल ते 5-6 मे हा गोल्डन वीक. ऑगस्टच्या मध्याला ओबोन, म्हणजे पितरांचे दिवस, अख्खा जपान तेव्हा गावी निघालेला असतो. आणि 29 डिसेंबर ते 3 जानेवारी, कारण तेव्हा बरीच संग्रहालयं आणि छोटी दुकानं बंद असतात.

शाळेच्या सुट्टीत बांधलेल्या कुटुंबांसाठी माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे गोल्डन वीक संपल्यानंतरचा मे महिना. हवा छान असते, जपानी लोक कामावर परतलेले असतात आणि आपल्या मुलांना सुट्टी असते. मुलांची अडचण नसेल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी आणखी स्वस्त पडतो. थंडी कडक असते, पण आकाश निरभ्र आणि फुजी दिसण्याची शक्यता जास्त. जूनमध्ये स्वस्ताई असते ती पावसामुळे.

तपासा: पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने आहे का आणि कोरी पानं आहेत का. पासपोर्टवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतं का, हेही आत्ताच बघा. लग्नानंतर एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं नाव असेल तर ते निस्तरायची वेळ हीच.

## टप्पा 2: दिवस नाही, रात्री मोजा

‘आठ दिवस’ म्हणताना लोक विमानात गेलेली रात्रही मोजतात. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. मुंबईहून रात्री निघून मध्ये विमान बदललं, तर पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार किंवा संध्याकाळ होते. तो दिवस फिरण्याचा नाही. परतीचाही नाही. सात रात्रींमध्ये हाती येतात ते सहा पूर्ण दिवस.

सहा दिवसांना मुक्काम दोनच पुरतात: तोक्योत चार रात्री आणि ओसाकात तीन. क्योतोत न राहता ओसाकात राहायचं, कारण ओसाका ते क्योतो जेआरच्या जलद गाडीने अर्ध्या तासाचं अंतर आहे, भाडं सहाशे येनच्या आत, आणि ओसाकात खोल्या सहसा स्वस्त मिळतात. नारा शहरही तिथूनच करता येतं. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून किंतेत्सु रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता.

तोक्योत उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत निघायचं. असं तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायात शोधावं लागतं, म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. तोक्यो-तोक्यो तिकीट काढलं की शेवटी ओसाकाहून परत यायला माणशी साधारण 14,500 येन आणि अर्धा दिवस जातो. विमानाच्या भाड्यात तेवढी बचत होत असेल तरच परतीचं तिकीट तोक्योहून काढा.

सावध: हिरोशिमा, हाकोने, ताकायामा ही नावं यादीत शिरायला लागली की थांबा. एक मुक्काम वाढला की बॅगा ओढण्यात, खोली सोडण्या-घेण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय खोली बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि नवी दुपारी तीनला मिळते.

## टप्पा 3: जमिनीवरचा हिशेब (विमान वगळून)

विमानाचं भाडं डोळ्यांसमोर असतं, म्हणून लोक तिथे घासाघीस करतात. बाकीचा खर्च ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. तो आधी मांडा. माणशी, दोघं एका खोलीत, असा अंदाज:

- खोली: 10,000 येनची, सात रात्री, निम्मा वाटा: 35,000 येन
- जेवणखाण: रोज 2,500 येन, आठ दिवस: 20,000 येन
- प्रवास: शहरातला, विमानतळाचा आणि तोक्यो-ओसाका मिळून: 25,000 येन
- प्रवेश तिकिटं: 8,000 येन

बेरीज 88,000 येन, म्हणजे सुमारे 53,000 रुपये. त्यावर 15 टक्के राखीव धरले की 61,000. व्हिसा, विमा आणि फोनचं सिम यांचे पाचेक हजार. विमान 45 ते 60 हजारांत मिळालं तर माणशी सव्वा लाखाच्या आसपास. होस्टेलच्या सामायिक खोलीत राहणाऱ्याचे खोलीचे पैसे आणखी कमी होतात.

प्रवेश तिकिटांवर कमी खर्च धरलाय, कारण जपानात फुकट बघण्यासारखं भरपूर आहे. असाकुसाचं सेन्सो-जी मंदिर, मेइजी देवस्थान, क्योतोचं फुशिमी इनारी यांना तिकीट नाही. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, तेव्हा सकाळी सातच्या आत जा. दहानंतर त्या लाल तोरणांखाली माणसांशिवाय काही दिसत नाही. तोक्यो उंचावरून बघायला शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीचा 45वा मजला फुकट आहे. पैसे भरून चढायचे मनोरे आहेतच, पण गरज वाटत नाही.

तपासा: टूर कंपनीच्या पॅकेजशी तुलना करताना त्यावरचा टीसीएस, म्हणजे कंपनी आगाऊ गोळा करते तो कर, धरलाय का. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

## टप्पा 4: रद्द करता येणारी हॉटेलं (तीन महिने आधी)

व्हिसाच्या अर्जात रोज कुठे राहणार ते लिहावं लागतं, म्हणून हॉटेल आधी. पण बुकिंग ‘फुकट रद्द’ होणारं हवं आणि पैसे तिथे गेल्यावर द्यायचे हवेत.

तोक्योत उएनो, असाकुसा आणि मिनामी-सेंजू हे भाग परवडतात. ओसाकात शिन-इमामियाच्या आसपास सर्वांत स्वस्त. भाग थोडा जुनाट आहे, पण गाड्यांची सोय उत्तम. नकाशावर एकच गोष्ट बघायची: स्टेशनपासून चालत किती मिनिटं. दहाच्या वर असेल तर दर कितीही चांगला असो, सोडा. दिवसभर वीस हजार पावलं चालून झाल्यावर ती शेवटची दहा मिनिटं जिवावर येतात.

खोलीबद्दल दोन गोष्टी आपल्या लोकांना ठाऊक नसतात. पहिली, जपानात भाडं बऱ्याचदा माणसांवर ठरतं. दोघांच्या खोलीत तिसऱ्याला गादी टाकून झोपवू, हा आपला घरगुती उपाय तिथे चालत नाही. मुलांसह नेमका आकडा बुकिंगमध्येच टाका. दुसरी, ‘सेमी-डबल’ म्हणजे एक-सव्वा मीटर रुंदीचा एकच पलंग. दोन मोठी माणसं त्यावर कुशीवर झोपतात, आणि एकाला वळायचं तर दुसऱ्याला उठवावं लागतं. ‘ट्विन’ शोधा.

## टप्पा 5: आधी लगीन कोंडाण्याचं, म्हणजे व्हिसा (सहा ते आठ आठवडे आधी)

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

एकदाच प्रवेश देणारा (सिंगल एंट्री) व्हिसा दिल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो आणि ती मुदत वाढत नाही. म्हणजे उत्साहाच्या भरात पाच महिने आधी अर्ज केला तर प्रवासाआधीच तो संपेल. आणि नाकारला गेला, तर त्याच कारणासाठी सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे ती सहल गेलीच. फार लवकरही नको आणि अगदी तोंडावरही नको.

अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो. कागद साधारण असे: अर्ज, फोटो, पासपोर्ट, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं किंवा धंद्याचं पत्र, विमानाचं आरक्षण, हॉटेल आणि दिवसवार कार्यक्रम. अर्जाच्या आठवड्यात केंद्राच्या संकेतस्थळावरची यादी पुन्हा उघडून बघा, कारण ती बदलते.

दिवसवार कार्यक्रमात कविता नको. तारीख, शहर, काय बघणार, कुठे राहणार, एवढंच. तो हॉटेलच्या तारखांशी तंतोतंत जुळला पाहिजे. 14 तारखेला कार्यक्रमात ओसाका आणि हॉटेल तोक्योचं, अशी एक विसंगती अर्ज रखडवायला पुरते.

बँकेच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे अर्जाच्या आधी मामाकडून दोन लाख आणून खात्यात टाकणं. स्टेटमेंट बघणाऱ्याला ती रक्कम पहिल्या नजरेत दिसते. एफडी मोडली असेल तर तिची पावती जोडा. खर्च आई-वडील करणार असतील तर तसं लिहून त्यांची कागदपत्रं द्या. खरं सरळ सांगितलेलं चालतं.

सावध: ई-व्हिसा मिळाला तर तो फोनवर, इंटरनेट चालू असताना, संकेतस्थळ उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत. प्रिंट फाइलला लावून निर्धास्त बसणाऱ्यांची चेक-इनच्या रांगेत धावपळ होते ती यामुळेच. लॉगिन लक्षात ठेवा आणि फोन चार्ज ठेवा.

## टप्पा 6: विमान (व्हिसा मिळाल्यावर)

व्हिसा येईपर्यंत फक्त आरक्षण किंवा कमी खर्चात रद्द होणारं तिकीट. पैसे परत न मिळणारं तिकीट त्यानंतरच. थोडं महाग पडेल, पण मोजके पैसे असलेल्या माणसाला अख्खं तिकीट बुडणं परवडत नाही.

मग सर्वांत स्वस्त आकड्यावर बोट ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा.

1. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असतील तर मधल्या विमानतळावर बॅग स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरावं लागतं आणि काही देशांत त्यासाठी व्हिसा लागतो. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. क्वालालंपूरला तर टर्मिनलही वेगळी आहेत, मध्ये ट्रेन पकडावी लागते.
2. बॅगेचं वजन धरून भाव किती? बजेट विमानांत सात किलोची हातातली बॅग सोडली तर बाकी सगळ्याला वेगळे पैसे लागतात.
3. पोचणार किती वाजता? तोक्योच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. नारिता विमानतळ शहरापासून साठ किलोमीटरच्या वर आहे आणि तिथून टॅक्सीला वीस हजार येनहून जास्त लागू शकतात. रात्री अकराला उतरवणारं ‘स्वस्त’ तिकीट असं महाग पडतं. तोक्योच्या दुसऱ्या, हानेदा विमानतळाहून मात्र शहरात पाचशे-सहाशे येनच्या आत पोचता, तेव्हा भाड्यातला फरक थोडा असेल तर हानेदा घ्या.

तपासा: तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे. ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असेल, तर तिकिटावरही दोन्ही. नुसतं पाळण्यातलं नाव टाकून आडनावावर भागवू नका.

## टप्पा 7: रेल्वे, आणि जेआर पास का नको (एक महिना आधी)

ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 वरून 50,000 येन झाली. त्याआधीचा ‘पास घ्याच’ हा सल्ला अजून सगळीकडे फिरतोय. आपला मार्ग घ्या: तोक्यो-ओसाका एक फेरी 14,500 येन, क्योतोला दोन वेळा जाऊन-येऊन 2,300, नारा 1,400. बेरीज वीस हजारांच्याही आत. पास इथे तोट्याचाच आहे, शिवाय सर्वांत जलद नोझोमी गाडीला पासवर वेगळे पैसे भरावे लागतात.

शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं आरक्षण महिनाभर आधी उघडतं. ओसाकाकडे जाताना उजवीकडची ‘ई’ खिडकी घ्या, फुजी त्या बाजूला दिसतो. तिन्ही मापांची बेरीज 160 सेंटीमीटरच्या वर जाणारी बॅग असेल तर सामानाची जागा असलेलं आसन आधीच राखून ठेवावं लागतं. त्यापेक्षा बॅगच लहान न्या. आणखी पैसे वाचवायचे तर रात्रीची बस आहे, तोक्यो-ओसाका साधारण आठ तास, आणि हॉटेलची एक रात्रही वाचते. पंचविशीत ठीक. पन्नाशीत दुसरा दिवस पाठदुखीत जातो, तेव्हा ती बचत खरी नाही.

तोक्योत मेट्रोचं 24, 48 किंवा 72 तासांचं पर्यटक तिकीट चांगलं आहे, तास पहिल्या वापरापासून मोजतात. पण ते जेआरच्या यामानोते या वर्तुळाकार मार्गावर चालत नाही. नकाशावर हिरवा गोल दिसला की लोक त्यात घुसतात आणि गेट बंद होतं. बाकी प्रवासाला सुइकासारखं आधी पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर सुइका सहसा चालत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकचं कार्डच.

## टप्पा 8: शेवटचा आठवडा

बँकेच्या अॅपमध्ये कार्डचा परदेशी वापर चालू करा, तो बंद ठेवलेला असतो. साध्या क्रेडिट कार्डवर प्रत्येक खरेदीला दोन ते साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. म्हणून शुल्क नसलेलं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड बरं. तिथे मशीनने ‘रुपयांत की येनमध्ये?’ विचारलं की नेहमी येन. रोकड लागतेच: देवळं, छोटी खानावळ, कार्ड भरण्याची यंत्रं. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात.

‘व्हिजिट जपान वेब’वर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा.

औषधांची पिशवी उघडा. सर्दी-खोकल्याच्या ज्या गोळ्या-सिरपमध्ये स्युडोएफेड्रिन किंवा कोडीन आहे ती घरीच ठेवा, त्यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि महिन्याभराच्या आतलीच न्या.

खाऊ न्या, पण शहाणपणाने. मेतकूट, चटणी, दशम्या, चिवडा चालतो. ताजी फळं आणि कढीपत्ता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, म्हणजे नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नाही. मांसाचे पदार्थही नाहीत.

## टप्पा 9: तिथे गेल्यावर

पासपोर्ट कायम अंगावर. परदेशी पर्यटकाने तो जवळ बाळगणं हा तिथला कायदा आहे, लॉकरमध्ये ठेवून फिरू नका.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. माशाचा हा अर्क मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, अगदी भाज्यांच्या शिजवणीतही असतो. ‘मांस नको’ म्हटल्यावर समोरचा मान डोलावतो आणि दाशीतलंच आणून देतो. जपानीत लिहिलेली ‘मांस, मासे, माशाचा अर्क नको’ अशी चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. दुपारी भारतीय-नेपाळी खानावळीचं थाळीसारखं ‘लंच सेट’ हजार येनच्या आसपास पोटभर मिळतं, रात्री तेच महाग. मांसाहाऱ्यांचं सोपं आहे, ग्यूदोनची, म्हणजे भातावर गोमांस घातलेली वाटी पाचशे येनच्या आसपास. रात्री आठनंतर सुपरमार्केटमध्ये तयार डब्यांवर सवलतीची चिकटपट्टी लागते, ती वेळ साधा. नळाचं पाणी पिता येतं, तेव्हा घरची बाटली न्या. टीप देऊ नका, मागे धावत येऊन परत करतात.

## टप्पा 10: परतीचा दिवस

नाम्बाहून कान्साई विमानतळाला नानकाई रेल्वेची साधी एअरपोर्ट एक्स्प्रेस हजार येनच्या आत नेते. त्याच स्टेशनवरची ‘रॅपिट’ गाडी दिसायला देखणी, पण तिला जादा तिकीट लागतं. विमानाच्या तीन तास आधी पोचायच्या हिशेबाने निघा.

आदल्या संध्याकाळी नाणी मोजा. इथे आल्यावर नाणी कोणी बदलून देत नाही, आणि जपानात 500 येनचंही नाणंच असतं, म्हणजे खिशात सहज हजारभर रुपये खुळखुळत राहतात. सकाळच्या नाश्त्याचं बिल आधी नाण्यांनी भरा आणि उरलेलं कार्डाने.